भरतीच्या वेळी विसावलेला थवा आणि आपली फेरी : किनारपक्षी निरीक्षणाविषयी

पाणकाठ

गेल्या रविवारी आम्ही चौदा जण पाणथळ अभयारण्यात किनारपक्षी पाहण्यासाठी गेलो होतो. फेरीचे नियोजन माझ्याकडे होते. एकवीस जातींची नोंद झाली, दोन स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायच्या एकनळी दुर्बिणी) असल्यामुळे प्रत्येकाला निवांत पाहता आले, आणि तरीही परतताना माझ्या मनात समाधानापेक्षा रुखरुख अधिक होती. ऐन भरतीच्या वेळी बांधाच्या टोकाशी विसावलेला सुमारे चारशे पक्ष्यांचा थवा आमच्यामुळे उडाला. त्या प्रसंगाविषयी मोकळेपणाने लिहावे आणि अशी फेरी कशी आखावी याबद्दल अनुभवी मंडळींचे म्हणणे ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी जागेची कल्पना देतो. एका बाजूला समुद्राकडे उघडणारा रुंद चिखलपट्टा आहे, दुसऱ्या बाजूला उथळ तळी आहेत, आणि या दोहोंच्या मधून मातीचा बांध जातो. चालण्याची परवानगी फक्त त्या बांधावरूनच आहे. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरदूर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की चिखल आक्रसत जातो, पक्षी काठाकडे सरकू लागतात, आणि उभे राहण्यापुरतीही जागा उरली नाही की ते बांध ओलांडून तळ्यांच्या काठी दाटीने विसावतात. हे लक्षात घेऊन आम्ही पूर्ण भरतीच्या अडीच तास आधी पोहोचलो आणि ऊन पाठीवर येईल अशा ठिकाणी स्कोप लावले.

पहिले दोन तास अतिशय चांगले गेले. आम्ही जवळजवळ चाललोच नाही. पाणीच पक्ष्यांना आमच्याकडे आणत होते. आधी नुसते हलणारे ठिपके दिसत होते, त्यांचे हळूहळू सँडपायपर झाले, मग त्यांतले डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर वेगळे ओळखू येऊ लागले. ग्रे प्लोव्हर चार पावले धावत, थबकत, एकदाच चोच मारत आणि पुन्हा धावत. शेकाट्यांची जोडी आतल्या तळ्यात गुलाबी पायांवर सावकाश फिरत होती.

त्यानंतर थवा बांध ओलांडून तळ्याच्या टोकाशी उतरला. त्यात पट्टेरी शेपटीचे गॉडविट होते, कर्ल्यू होते, आणि त्यांच्या पायांशी लहान पक्ष्यांची गर्दी होती. अंतर बरेच होते. काही जणांना छायाचित्रे हवी होती, मलाही गॉडविटची पिसे जवळून पाहायची होती, आणि ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ असे मीच म्हणालो. आम्ही एका रांगेत, हळू आवाजात, पण सरळ त्यांच्या दिशेने चालत गेलो. पाठीत चोच खुपसून झोपलेल्या पक्ष्यांनी माना वर काढल्या, कर्ल्यू आमच्यापासून दूर चालू लागले, त्यांच्यातला एक पक्षी एकदा ओरडला. थवा उडण्याच्या बेतात असल्याच्या या तिन्ही खुणा मला माहीत आहेत; त्या मला दिसल्याही. तरी मी थांबलो नाही. पुढच्याच क्षणी सगळा थवा उठला, तीन घिरट्या घालून समुद्राकडे गेला आणि चाळीस मिनिटे आम्ही तिथे असेपर्यंत परतला नाही. बाहेर तेव्हा चिखल शिल्लक नव्हता, म्हणजे त्यांना उतरायलाही जागा नव्हती.

हे मनाला लागण्याचे कारण असे, की २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच पट्टेरी शेपटीच्या गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंतचे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापल्याचे त्याच्या अंगावरच्या उपग्रह-यंत्रामुळे नोंदले गेले. तो पक्षी जेमतेम पाच महिन्यांचा होता. असा प्रवास साठवलेल्या चरबीवर होतो, आणि निघण्याआधी त्यांची पचनसंस्था आक्रसते, म्हणजे वजन कमी व्हावे म्हणून शरीर स्वतःचाच काही भाग मोडून वापरते. ज्याचा हिशोब इतका काटेकोर आहे, त्याची विश्रांती मी केवळ जवळून पाहण्याच्या हौसेपायी मोडली. फेरीची आखणी करताना आपण यासाठी कोणते नियम पाळता, ते कृपया लिहावे.

भांगउधाण

पाणकाठ, आपण चूक झाकून न ठेवता लिहिलीत, हे फार बरे केलेत. मी बरीच वर्षे अशा फेऱ्यांना जातो. माझ्या मते अंतराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार तिथीचा करायला हवा.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण भरतीची उंचीही पंधरवड्याच्या चक्राने बदलते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. भांगाला पाणी फार चढत नाही, चिखलाचा वरचा भाग उघडाच राहतो, त्यामुळे पक्षी तिथेच थांबतात आणि बांधावरच्या माणसाला फारसे जवळून दिसत नाहीत. उधाणाला याच्या नेमके उलट होते : सगळा चिखल बुडतो आणि परिसरातले सगळे पक्षी दोन-तीन ठिकाणी एकवटतात. पाहणाऱ्याला ही पर्वणी वाटते, म्हणून फेऱ्या बहुधा उधाणालाच ठेवल्या जातात. मात्र त्याच दिवशी पक्ष्यांना पर्यायी जागा सर्वांत कमी असते. आपल्या फेरीचा दिवस मी तक्त्यात पाहिला. तो पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता. चाळीस मिनिटे ते परतले नाहीत याचे कारण मला त्यात दिसते.

माझा नियम साधा आहे. नवख्यांची फेरी मधल्या उंचीच्या भरतीला ठेवावी. उधाणाला जायचेच असेल, तर पक्षी विसाव्याला येण्यापूर्वी आपण जागेवर जाऊन बसावे आणि पाणी उतरून ते आपले आपण चिखलावर जाईपर्यंत तिथून उठू नये. आधीच बसलेल्या माणसांपासून किती अंतर राखायचे हे पक्षी स्वतः ठरवून उतरतात. बसलेल्या थव्याकडे आपण चालत गेलो, तर तो निर्णय त्यांच्या हाती राहत नाही.

नवखी नजर

मी त्या चौदा जणांपैकी एक आहे. किनारपक्षी पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती.

थवा उडाला तेव्हा आमच्यापैकी अनेकांच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला, माझ्याही. चारशे पक्षी एकाच वेळी वळतात, क्षणात पांढरे आणि क्षणात राखाडी दिसतात, हे दृश्य मी कधी पाहिले नव्हते. पाणकाठदादांचा चेहरा पाहिला तेव्हा काहीतरी बिघडले आहे एवढे समजले. काय बिघडले ते त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितले. मला वाटते, हे निघण्यापूर्वीच सांगितले गेले असते, तर त्या माना वर झाल्या तेव्हा आमच्यापैकीच कोणीतरी ‘थांबा’ म्हणाले असते. त्या खुणा पाहणारे चौदा जण तिथे होते, पण त्यांचा अर्थ एकालाच ठाऊक होता.

आणखी एक विचारायचे आहे. लहान पक्षी मला शेवटपर्यंत एकसारखेच दिसले. पुस्तकातली चित्रे पाहून गेले होते, तरी चिखलावर सगळे तपकिरीच होते. सुरुवात कुठून करावी?

तिवई

नवखी नजर, रंगापासून सुरुवात करू नका, कारण या पक्ष्यांच्या बाबतीत रंग सर्वांत जास्त फसवतो. एकच डनलिन विणीच्या पिसाऱ्यात पोटावर काळा ठसठशीत डाग मिरवतो आणि इतर काळात मातकट राखाडी होऊन जातो. स्थलांतराच्या काळात तर अर्धे जुने आणि अर्धे नवे पीस असलेले पक्षी भेटतात, आणि तसा पक्षी कोणत्याच चित्राशी जुळत नाही.

मी नव्या माणसाला पहिला अर्धा तास दुर्बिणीतून फक्त खाण्याची पद्धत पाहायला सांगते. प्लोव्हर म्हणजे आपले चिखल्ये डोळ्यांनी शिकार करतात : त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड, आणि चाल धाव-थांब-टोच अशी असते. सँडपायपर मात्र चोचीने चाचपडून खातात. त्यामुळे ते मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत पुढे सरकत राहतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब आणि कंप ओळखणारी सूक्ष्म संवेदनेंद्रिये दाटीने असतात. रेड नॉट या पक्ष्याबद्दल तर प्रयोगाने सिद्ध झाले आहे, की तो ओल्या वाळूत चोच खुपसून, तिथल्या पाण्याच्या दाबातला फरक ओळखून, चोचीचा स्पर्शही न झालेला शिंपला हेरू शकतो. शिवाय यांतल्या अनेकांना पूर्ण चोच न उघडता वरच्या चोचीचे फक्त टोक उचलता येते, त्यामुळे चिखलात खोलवर सापडलेला किडा तिथल्या तिथे पकडता येतो. हे एकदा कळले की चोचीची लांबी पाहताना तुम्ही आपोआप विचार करू लागता, की हा पक्षी किती खोलीवरचे खातो आहे. लांब चोचीचा कर्ल्यू ज्या खोलीवर पोहोचतो तिथे चिमुकल्या स्टिंटची चोच जाऊच शकत नाही, म्हणून दोघे एकाच चिखलावर शेजारी शेजारी चरू शकतात.

दुसरी गोष्ट आकाराची. एकट्या पक्ष्याच्या आकाराचा अंदाज स्कोपमधून हमखास चुकतो. ओळखीचा एक पक्षी मनाशी पक्का करा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. ग्रे प्लोव्हरपेक्षा लहान की मोठा, पाय पोटाच्या मानाने लांब की आखूड, चोच डोक्याच्या लांबीइतकी की दुप्पट. एवढ्यावर निम्मे काम होते. लाटेच्या मागे-पुढे धावणारा फिकट पक्षी सँडरलिंग असण्याची शक्यता फार मोठी. तो जवळ आला तर पाय अवश्य पाहा, त्याला मागचे बोट नसते.

आणि पिसांच्या कडांकडे लक्ष द्या. पाठीवरची पिसे एकसारखी ताजी आणि प्रत्येकाला फिकट रेखीव कड असेल, तर तो बहुधा त्याच वर्षी जन्मलेला पक्षी असतो. उत्तरेकडच्या अनेक जातींत प्रौढ पक्षी आधी निघून जातात आणि पिल्ले काही आठवड्यांनी, त्यांच्या सोबतीशिवाय, कधीही न पाहिलेल्या वाटेने निघतात. अशा पक्ष्याच्या पाठीवरची ती नवीकोरी पिसे स्कोपमधून पाहताना मला दरवेळी भरून येते.

ओली वाट

माझे मत थोडे वेगळे आहे. कोणाला दुखावण्याचा हेतू नाही. फेरीभोवती नियमांचे कुंपण इतके उंच करू नये की नवा माणूस पुन्हा यायलाच धजावणार नाही. या पाणथळीच्या बाजूने उभे राहणारी माणसे कुठून येतात? ती अशाच फेऱ्यांतून येतात. शिवाय पक्षी माणसाला सरावतात, हेही खरे आहे. ज्या बांधावर रोज लोक चालतात तिथले पक्षी निर्जन किनाऱ्यावरच्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी जवळ येऊ देतात, आणि ससाणा आला की हेच थवे दिवसातून अनेकदा उडतात. एका फेरीतल्या एका उड्डाणासाठी एवढी अपराधाची भावना बाळगावी का, असा प्रश्न मला पडतो.

त्याहून मोठा प्रश्न अधिवासाचा आहे. पीत समुद्राच्या काठी, जिथे पूर्व आशियातून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे किनारपक्षी उतरून चरबी साठवतात, तिथे दक्षिण कोरियातील सेमांगुम येथे सुमारे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत बांधून २००६ मध्ये आतला भरतीचा चिखलपट्टा समुद्रापासून तोडला गेला. त्यानंतर तिथे उतरणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या कोसळली, आणि आज ती जात जागतिक लाल यादीत, म्हणजे कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत, संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. त्या भिंतीपुढे आपल्या चौदा जणांच्या पावलांचे मोल किती?

भांगउधाण

ओली वाट, भिंतीबद्दल आपण जे म्हणता ते अक्षरशः खरे आहे, आणि नव्या माणसांबद्दलही मी सहमत आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. चरण्याच्या आणि विसाव्याच्या जागा जसजशा घटतात, तसतसे उरलेल्या जागांवरचे प्रत्येक उड्डाण महाग होत जाते. दहा जागा असताना एका जागेवरून उठलेला पक्षी दुसऱ्या जागी जातो. एकच उरली असेल तर तो भरती ओसरेपर्यंत हवेत राहतो किंवा पुष्कळ दूर जातो, आणि आपल्या डोळ्यांदेखत नेमके तेच घडले. ससाणा येतोच, म्हणून तर आपली भर त्यात पडू नये.

सरावाबद्दल एक पुस्ती जोडतो. सगळ्या जाती सारख्या सरावत नाहीत. अंगाने मोठे पक्षी साधारणपणे लांबूनच उडतात, आणि कर्ल्यू तर फारच सावध असतो. मिश्र थव्यात सर्वांत भित्रा पक्षी उठला की बाकीचे बहुतेक त्याच्यामागे उठतात. म्हणून अंतर स्टिंटकडे पाहून ठरवू नये, कर्ल्यूकडे पाहून ठरवावे.

२०२४ च्या लाल यादीत किनारपक्ष्यांच्या सोळा स्थलांतरी जातींची श्रेणी आणखी खालावली. पाणकाठ यांनी धावताना पाहिलेला ग्रे प्लोव्हर त्यांत आहे, डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपरही आहेत. आणि कर्ल्यूंच्याच कुळातला बारीक चोचीचा कर्ल्यू, जो १९९५ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर शेवटचा निःशंकपणे नोंदला गेला, तो २०२५ मध्ये नामशेष घोषित झाला. तीस वर्षे लोक त्याला शोधत होते. हे लिहिताना हात जड होतो.

पंखखूण

थव्याच्या उड्डाणाची जी छायाचित्रे सहभागी मंडळींनी पाठवली, ती मी मोठी करून पाहिली. तिसऱ्या छायाचित्रात एका गॉडविटच्या उजव्या पायावर नारिंगी पट्टी स्पष्ट दिसते आहे. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया या स्थलांतराच्या हवाई मार्गावर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात खूण केलेल्या पक्ष्यांना नारिंगी पट्टी लावतात. मात्र इतर हवाई मार्गांवर रंगांची वाटणी निराळी असते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पट्टीवरची अक्षरे पंखाच्या सावलीत गेली आहेत.

यापुढे अशी पट्टी दिसली तर कृपया चार गोष्टी लगेच वहीत टिपाव्यात : पट्टीचा रंग, पाय डावा की उजवा, पट्टी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि एकाहून अधिक रंग असतील तर वरून खाली त्यांचा क्रम. डावा-उजवा पक्ष्याचा धरावा, पाहणाऱ्याचा नव्हे. निम्म्या नोंदी इथेच चुकतात. अक्षरे वाचता आली तर उत्तमच, पण अंदाजाने अक्षर लिहू नये. चुकीचे अक्षर म्हणजे दुसऱ्याच पक्ष्याच्या आयुष्यात घातलेली खोटी नोंद असते.

आणि खेदाने हेही नोंदवतो, की विसावलेला गॉडविट एका पायावर उभा होता आणि पट्टीचा पाय पोटाखाली होता. आपण शांत बसून राहिलो असतो, तर तासाभरात त्याने पाय बदललाच असता आणि अक्षरे स्कोपमधून सावकाश वाचता आली असती.

नवखी नजर

तिवईताई, आपण सांगितले तसे काल मी एकटीने जाऊन अर्धा तास फक्त खाण्याची पद्धत पाहिली. पहिल्यांदाच चिखल्ये आणि सँडपायपर माझे मला वेगळे करता आले. नावे अजून येत नाहीत. एक पक्षी उथळ पाण्यात डोके डावीकडून उजवीकडे फिरवत चालला होता. त्याची चोच टोकाशी वर वळलेली होती.

तिवई

काळा-पांढरा आणि निळसर पायांचा असेल, तर तो ॲव्होसेट. वर वळलेली चोच पाण्यात अशीच कापत नेऊन तो बारीक जीव टिपतो. नाव उद्या विसरलात तरी चालेल, ती मान फिरवण्याची लकब विसरू नका.

ओली वाट

भांगउधाण काका, कर्ल्यूकडे पाहून अंतर ठरवण्याचा मुद्दा मला पटला. मी आजवर थव्याच्या जवळच्या कडेला कोण आहे एवढेच पाहत असे. अपराधाच्या भावनेबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. एकच विनंती आहे : फेरीत हे सांगताना ते मनाईच्या सुरात न सांगता, पक्षी काय करतो आहे ते दाखवून सांगावे.

पाणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढची फेरी मी अशी ठरवली आहे.

दिवस अष्टमीनंतरचा तिसरा घेतला आहे, म्हणजे भरती मध्यम उंचीची असेल. जमायची वेळ पूर्ण भरतीच्या तीन तास आधीची आहे. बांधाच्या टोकापर्यंत कोणीही जाणार नाही. पहिल्या वळणापाशी, जिथे झुडपांमुळे आपली आकृती आकाशावर उठून दिसत नाही, तिथे सर्वांनी बसायचे आहे, आणि दोन्ही स्कोप बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेले असतील. पाणी उतरून थवा आपला आपण चिखलावर परतेपर्यंत, साधारण दीड-दोन तास, तिथून उठायचे नाही. ज्यांना इतका वेळ बसणे शक्य नसेल त्यांनी थवा उतरण्यापूर्वीच मागच्या मागे परतावे. त्यासाठी एक जण सोबत असेल.

नवखी नजर यांची सूचना मी तशीच स्वीकारली आहे. निघण्यापूर्वी दहा मिनिटे खुणांची ओळख होईल आणि दर वीस मिनिटांनी एका व्यक्तीने फक्त कर्ल्यूंवर नजर ठेवायची. मान वर झाली, खाणे थांबले, चाल सुरू झाली, तर ती व्यक्ती हात वर करेल आणि सगळे आहेत तिथे स्तब्ध राहतील. हात वर करण्याचा अधिकार त्या वेळी माझ्यापेक्षा तिचा मोठा असेल. मोजणीचे काम तिवईताईंकडे आहे. पंखखूण यांनी वही आणावी, पट्ट्यांची नोंद त्यांच्याकडे राहील.

नारिंगी पट्टीची नोंद रंग, पाय आणि तारखेसह, अक्षरे अवाच्य असे स्पष्ट लिहून, आज पाठवली आहे. पहिल्या पाळीला कर्ल्यूंवर नजर ठेवायला कोण बसणार, ते कृपया इथेच कळवावे.

नवखी नजर

पहिली पाळी मी घेते.